निरोगी दिसणाऱ्या कडेतलं एक अक्षर

गालातून कापून काढलेली गाठ पॅथॉलॉजी विभागात पोचली की आधी तिच्या कडांना शाई लावतात. पुढे काचपट्टीवर पाहताना सर्जनची सुरी नेमकी कुठून फिरली हे त्या शाईवरून कळतं. मग काही मायक्रॉन जाडीचे काप काढायचे, ते सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे आणि शाईपासून कॅन्सरच्या पेशी किती लांब आहेत ते मोजायचं. हे अंतर किमान पाच मिलिमीटर असावं, असा सर्वसाधारण दंडक. ते मिळालं की घरच्यांच्या जिवात जीव येतो.

आणि तरीही काहींना कॅन्सर पुन्हा गाठतो, बरेचदा तिथेच.

1953 साली डॉ. स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या 783 रुग्णांच्या गाठी तपासल्या, तेव्हा गाठीभोवतीचं अस्तरही त्यांना बिघडलेलं दिसलं. यात नवल ते काय? तंबाखूचा बार धरणारा माणूस नेम धरून एकाच पेशीला त्रास देत नाही. गालाचा सगळा पट्टा वर्षानुवर्षं त्यात भिजत असतो. हराळीचा एक झुबका उपटला म्हणून रान साफ होत नाही.

खरी गंमत पुढे आहे. आपल्या जनुकसंचात डीएनएची सुमारे तीनशे कोटी अक्षरं. त्यातलं 'टीपी53' हे जनुक बिघडलेल्या पेशीला थांबवतं, दुरुस्ती जमत नसेल तर मरायला लावतं. तोंडाच्या कॅन्सरमध्ये हा पहारेकरी वारंवार निकामी झालेला सापडतो, कधी कधी फक्त एक अक्षर बदलल्यामुळे. हा बदल प्रत्येक रुग्णात वेगळ्या जागी असू शकतो. म्हणजे तो त्या गाठीचा अंगठ्याचा ठसाच!

1995 साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी हाच ठसा कडांमध्ये शोधला. डोक्या-मानेच्या कॅन्सरचे 25 रुग्ण, सगळ्यांच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ. त्यातल्या 13 जणांच्या कडेत गाठीतलाच बदल सापडला. पैकी पाच जणांचा कॅन्सर त्याच जागी परतला. उरलेल्या 12 जणांत एकाचाही नाही! ज्या पेशीकडे पाहून निष्णात डोळा 'निरोगी' म्हणतो, तिच्या पोटात असं काही दडलेलं असावं, हे आजही मला थक्क करतं.

अर्थात 13 पैकी आठ जण तेव्हा ठीक होते, हेही विसरायचं नाही. ठसा म्हणजे धोका, शिक्का नव्हे.

आपल्याकडचा तोंडाचा कॅन्सर बहुतेकदा गाल आणि हिरडीमधल्या खाचेतला. त्याची जनुकं खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर-संशोधन केंद्राने आणि बंगालमधल्या कल्याणीच्या जनुकसंशोधन संस्थेने वाचली. 2013 साली ते काम प्रसिद्ध झालं. टीपी53 तिथेही होतंच, शिवाय फॅट1, कॅस्प8 अशी इतरही. पण पुढचे उपचार आजही मुख्यतः गाठीची खोली, मानेतल्या गाठी आणि त्या शाईच्या कडेवरच ठरतात.

तेव्हा रिपोर्ट चांगला आला तरी फॉलोअप चुकवू नका, तंबाखू-सुपारीला पुन्हा हात लावू नका. आणि तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला वा दोन आठवड्यांत जखम भरली नाही, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा.