खंडोबाच्या किड्याचा शिधा

पाऊस स्थिरावला की अलिबाग, रेवदंडा, मुरूड या भागांतल्या वाड्यांत आणि भातखाचरांच्या बांधांवर खंडोबाचा किडा, म्हणजेच प्रार्थनाकीटक, दिसू लागतो. तो बरणीत घालून वर्गात आणायचा मोह आपल्याला होतो. पण बहुतेक वेळा तो उपासमारीने मरतो. कारण साधे आहे. हालणारे, जिवंत भक्ष्यच त्याला दिसते. मेलेली माशी समोर ठेवली तरी तो सहसा तिला शिवत नाही. म्हणून किडा आणण्याआधी त्याच्या शिध्याची सोय करावी.

फांदीला चिकटलेले अंडसंपुट (फेस वाळल्यासारखा दिसणारा अंड्यांचा पुडा) सापडले असेल, तर ही तयारी अधिकच निकडीची ठरते. त्यातून कधी कधी शंभराहून अधिक पिल्ले एकदम बाहेर पडतात आणि खाणे नसेल तर एकमेकांनाच खातात. या इवल्या पिल्लांना फळमाश्या योग्य. बरणीत काळे पडलेले केळे ठेवून ती एक-दोन दिवस उघडी ठेवा. माश्या आत आल्या की तोंडाला मलमल बांधा. सुमारे 25 अंश सेल्सिअस तापमानात अंड्यापासून माशी व्हायला साधारण 10 दिवस लागतात. म्हणून संपुट आणताच पहिली बरणी लावावी व आठवड्याने दुसरी.

माश्या उडून न जाता पिल्लांच्या बरणीत कशा घालायच्या? दोन्ही बरण्यांची तोंडे जुळवा, माश्यांची बरणी काळ्या कागदात गुंडाळा आणि दुसरी उजेडाकडे करा. माश्या प्रकाशाकडे जातात. मॉर्गन यांनी 1910 साली आनुवंशिकतेच्या अभ्यासात वापरली ती हीच जातकुळी!

प्रत्येक कातीनंतर किडा मोठा होतो, तसे भक्ष्यही मोठे लागते. भक्ष्य त्याच्या शरीराच्या निम्म्याहून लांब नसावे. जुन्या मच्छरदाणीची जाळी तारेच्या कड्याला शिवून बांधावरच्या गवतातून फिरवली की तुडतुडे, लहान नाकतोडे मिळतात. रात्री दिव्यामागे पांढरे कापड लावले की पतंग येतात. रातकिडे तर पाळताही येतात. पसरट डब्यात गव्हाचा कोंडा, भोपळ्याचे काप, पाण्यासाठी ओला कापूस आणि अंडी घालायला नारळाच्या सोडणाचा ओलसर भुसा ठेवावा.

काही पथ्ये पाळावीत. फवारणी झालेल्या शेतातले कीटक देऊ नयेत. त्यांच्यातले विष किड्यालाही मारते. रुईवरच्या पट्टेदार अळ्या टाळाव्यात, कारण त्या झाडातले विष त्या अंगात साठवतात. किडा उलटा लटकून कात टाकत असताना बरणीत रातकिडा ठेवू नये. मऊ पडलेल्या किड्यालाच तो कुरतडतो. मुंग्यांपासून वाचवण्यासाठी बरण्या पाण्याच्या ताटलीत ठेवाव्यात. दोन किडे कधीही एकत्र ठेवू नयेत.

एका वहीत रोजचा शिधा मुलांकडून लिहून घ्या. वाढ पुरी होईपर्यंत एका किड्याने किती जीव खाल्ले, याची बेरीज मुलांना थक्क करील. पुढचा प्रश्न त्यांनाच विचारा: फवारणीनंतर शेतात आधी कोण परततो, मावा की त्याला खाणारा? मावा आठ-दहा दिवसांत नवी पिढी उभी करतो. खंडोबाच्या किड्याला वाढायला महिने लागतात आणि तेवढे दिवस खालच्या साऱ्या पायऱ्या भरलेल्या लागतात. बरणीतला शिधा सांभाळताना मुलांना हे सांगावे लागत नाही. उरलेली पिल्ले मात्र, जिथून संपुट आणले त्याच वाडीत सोडून द्या.