मालवण किनाऱ्यावरील बेंजो पार्टी

वाद्यवृंद म्हटला म्हणजे शहरांतील सुशिक्षित श्रोत्याच्या डोळ्यांपुढें एक तर सनई-चौघडा उभा राहतो, नाहीं तर पाश्चात्त्य धर्तीचा ऑर्केस्ट्रा. विजेच्या गिटारींवर, गायकावांचून, केवळ वाद्यांच्या बळावर रंगणारें ‘रॉक’ संगीत ही तर निव्वळ परदेशची वस्तु, अशीच सर्वसाधारण समजूत आहे. अमेरिकेंत १९५८ सालीं निघालेली ‘व्हेंचर्स’ ही मंडळी आणि इंग्लंडांतील ‘शॅडोज’ यांनीं १९६० च्या सुमारास असें शब्दांवांचूनचें संगीत घरोघर नेलें, आणि त्या वळणाचीं तरुण पथकें आतां आपल्याहि मोठ्या शहरांत आढळतात. परंतु सिंधुदुर्ग जिल्ह्यांत विजेवर चालणारें, गायकाची गरज नसलेलें आणि तरुणांनींच चालविलेलें पथक पाहावयाचें असेल, तर नाट्यगृह शोधण्याचें कारण नाहीं. भाद्रपदांत गणपति विसर्जनाला निघाले कीं रस्त्याच्या कडेला उभें राहावें. तेथें जी ‘बेंजो पार्टी’ वाजत येते, ती या परदेशी मंडळींच्या नात्यांतलीच आहे.

बेंजो हें नांव मात्र उसनें आहे. अमेरिकेंतील बँजो म्हणजे कातड्यानें मढविलेल्या गोल कड्याचें, लांब मानेचें वाद्य. त्याचा आणि आपल्या बेंजोचा संबंध नांवापुरताच. आपला बेंजो म्हणजे एक लांबट लांकडी पेटी. तिच्यावर पोलादी तारा ताणलेल्या आणि तारांवर टंकलेखनयंत्रासारख्या कळांची ओळ. ही उपमा केवळ शोभेची नव्हे. जपानांत नागोया येथें मोरिता गोरो यानें १९१२ सालीं ‘ताइशोगोतो’ नांवाचें वाद्य तयार केलें, तें टंकलेखनयंत्राच्या कळांवरून सुचलें असें सांगतात. कळांवर आंकडे घातलेले असल्यामुळें स्वरलिपि न शिकलेल्या माणसासहि तें वाजवितां येई. हेंच वाद्य पुढें हिंदुस्थानांत येऊन ‘बुलबुल तरंग’ झालें, आणि तिकडे बलुचिस्तानांत ‘बेंजू’ होऊन तेथील लोकसंगीतांत मानानें बसलें. आपल्याकडे पुष्कळ दिवस तें हौशी माणसाच्या घरांतील करमणुकीचें साधन म्हणूनच राहिलें. त्याचा आवाज बारीक. अंगणापलीकडे जाणार नाहीं असा.

त्या आवाजाला रस्त्यावर आणलें तें विजेनें. पोलादी तार कंप पावूं लागली कीं तिच्याखालीं बसविलेल्या चुंबकाभोंवतींच्या वेटोळ्यांत अतिसूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. तो वर्धकांतून वाढवून ध्वनिक्षेपकाकडे पाठविला म्हणजे झालें. विजेच्या गिटारीची युक्ति तीच. गंमत अशी कीं, या युक्तीनें आवाज नुसता मोठा होत नाहीं, त्याची जातच बदलते. वर्धकावर त्याच्या शक्तीबाहेर भार टाकला कीं स्वर चिरकतो, खरखरतो, आणि मूळच्या तारेपेक्षां अधिक वेळ टिकतो. ज्याला अभियंता दोष म्हणेल, त्यालाच रॉक वाजविणाऱ्यांनीं अलंकार मानलें. आणि बेंजो वाजविणाऱ्या पोरांनींहि, कोणाच्या सांगण्यावांचून, तेंच केलें.

आतां खरी अडचण. कळ दाबली कीं तार ठराविक ठिकाणींच अडते, म्हणून एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड या वाद्यावर निघणें कठीण. हाच आक्षेप एकेकाळीं हार्मोनियमवर घेतला गेला होता. नभोवाणीनें १९४० सालीं पेटीला आपल्या केंद्रांतून निरोप दिला आणि ती बंदी १९७१ पर्यंत सैल झाली नाहीं. त्या साऱ्या काळांत दक्षिण कोंकणांतील दशावताराच्या रंगभूमीवर मात्र पेटी, पखवाज आणि झांज ही त्रयी रात्र रात्र गाजत होती. मींड नाहीं म्हणून तेथील प्रेक्षक उठून गेल्याचें कोणीं ऐकलें नाहीं. वाद्याचें उणें वादकाच्या हातानें कसें भरून निघतें, याचें शिक्षण या किनाऱ्याच्या कानांना दशावतारानेंच दिलेलें आहे. दशावताराचें रान तयार असल्यामुळें बेंजो येथें परका वाटला नाहीं, असें म्हटलें तर तें फारसें चुकीचें ठरणार नाहीं.

बेंजोवादक तें उणें कसें भरून काढतो? उजव्या हातांतील नखीनें. गाण्यांतील प्रत्येक अक्षराला तो एक स्वतंत्र आघात देतो, आणि स्वर लांबला कीं त्याच तारेवर इतके जलद आघात करतो कीं ते एकमेकांत मिसळून सलग वाटूं लागतात. गायक जेथें श्वास घेतो तेथें तोहि थांबतो. त्यामुळें ऐकणाराच्या मनांत शब्द आपोआप उमटतात. लहान मुलें तर बेंजोबरोबर ते मोठ्यानें म्हणूंहि लागतात. गायक नसलेल्या या मंडळींत सगळा रस्ता गायक होतो. येथें पाश्चात्त्य पथकाशीं एक भेद स्पष्ट दिसतो. त्याचे श्रोते शब्द विसरण्यासाठीं येतात, बेंजोचे श्रोते ते आठवण्यासाठीं.

बेंजोच्या साथीला ढोल, ताशा, झांजा असतात, कीबोर्ड असतो, आणि ऑक्टोपॅड असतो. हें शेवटचें वाद्य म्हणजे आठ रबरी चौकोनांची एक पाटी. प्रत्येक चौकोनावर काठी मारली कीं निराळ्या वाद्याचा आवाज निघतो. ‘रोलँड’ या जपानी कंपनीनें १९८५ सालीं ती बाजारांत आणली. म्हणजे पथकाच्या आघाडीला जपानी बेंजो, बगलेला जपानी ऑक्टोपॅड आणि मध्यें आपला ढोल-ताशा! पण हातगाडीवर किंवा टेंपोवर जनित्र ठेवून ही मंडळी चालूं लागली कीं तिच्या मालवणीपणाविषयीं शंका उरत नाहीं. आरतीच्या चालीनें आरंभ करावा, तिच्यांतून कोळीगीतांत शिरावें, लय दुप्पट करून एखादें सिनेमाचें गाणें घ्यावें आणि ताशाच्या एका उठावणीवर पुन्हा आरतीला परत यावें, हा त्यांचा खेळ. हे सांधे जुळविण्यांत खरें कौशल्य असतें. त्यांची स्वरलिपि कोणीं लिहून ठेवलेली नाहीं. पावसाळ्यांत, चतुर्थीच्या आधीं, तालमी करून ते कानानेंच पाठ केले जातात.

या वाद्याची भरभराट मुंबईच्या गिरणगांवांत आणि कोळीवाड्यांत विशेष झाली. मुंबईचा चाकरमानी चतुर्थीला गांवीं येतो आणि येतांना तेथील चाली आणतो. १९९८ सालीं कोंकण रेल्वे सुरू झाल्यापासून तर ही देवघेव अधिकच सोपी झाली. २०१६ सालीं रवि जाधव यांनीं ‘बँजो’ नांवाचा हिंदी चित्रपट काढला, तेव्हां कोठें या वादकांकडे पांढरपेशांचें लक्ष गेलें. तेंहि फार दिवस टिकलें नाहीं.

आज मात्र या पथकांपुढें दोन संकटें आहेत. पहिलें ‘डीजे’चें. ध्वनिमुद्रित गाणीं मोठमोठ्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतीवरून वाजविणाऱ्याला दहा-बारा माणसांचा मेहनताना, जेवण आणि तालीम यांची चिंता नसते. दुसरें संकट गोंगाटाचें, आणि त्यांत पथकांचीहि चूक आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनीं वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आणि रात्रीं दहा ते सकाळीं सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवण्यास सांगितलें. सणांचे मोजके दिवस तेवढे सरकार सवलत देऊं शकतें. साधें संभाषणहि ५५ च्या आसपास जातें. तेव्हां बेंजोची गोष्टच नको. आजारी माणसाच्या खिडकीखालीं वाजलेला बेंजो हें संगीत नव्हे, हें पथकांनीं मान्य केलें पाहिजे. पण कायद्याचा कांटा यंत्र आणि वादक यांत भेद करीत नाहीं. आणि डीजेला शह देण्याच्या ईर्ष्येनें वादकच आवाज वाढवीत गेला, तर ज्या अक्षराअक्षराच्या आघातावर त्याची कला उभी आहे, तो आघातच त्या गदारोळांत ऐकूं येईनासा होतो.

याहून अवघड प्रश्न स्वतःच्या रचनेचा आहे. व्हेंचर्सनींहि आरंभीं दुसऱ्यांच्याच चाली वाजविल्या. पण त्या ध्वनिमुद्रित झाल्या आणि त्यांच्या नांवावर राहिल्या. मालवणच्या पोरानें सांधलेली चाल विसर्जनाच्या घाटावर संपते. फोनवर टिपलेलीं चित्रें हल्लीं सर्वत्र फिरतात, परंतु त्यांत गणपति दिसतो, गर्दी दिसते. सांधा कोणीं रचला तें कोठेंच लिहिलेलें नसतें. अनंत चतुर्दशीनंतर बेंजो कापडांत गुंडाळला जातो आणि मुलें आपापल्या उद्योगाला लागतात, कोणी मासेमारीच्या होडीवर, कोणी गोव्यांतील नोकरीवर. दिवाळी उलटली कीं जत्रांतून दशावताराची पेटी वाजूं लागते, आणि रात्रीं तिच्यासमोर बसलेल्या श्रोत्यांत यांतील कांहींजण असतातच.