व्यापारी कंपन्यांबाहेरील ध्वनिमुद्रण : माजलगावच्या जात्यावरील ओव्यांच्या संदर्भात

ग्रामोफोनच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस साधारणतः तीन ते साडेतीन मिनिटांचे गायन मावत असे. नाट्यपद, भावगीत, अभंग या मर्यादेत बसविता आले. जात्यावरील ओवी मूळ रूपात तशी बसणारी नव्हती. ती दळण सरेपर्यंत चालते आणि तिला जात्याच्या घरघरीपलीकडे श्रोता अपेक्षित नसतो. ज्या गाण्याला ग्राहक नाही, त्यात व्यापारी कंपनीला स्वारस्य असण्याचे कारण नव्हते.

अशा गाण्यांना आश्रय मिळाला तो छोट्या, स्वतंत्र प्रयत्नांतून. अमेरिकेत मोझेस ॲश यांनी १९४८ मध्ये स्थापन केलेली ‘फोकवेज’ ही कंपनी याचे ठळक उदाहरण होय. बँजो, फिडल आदी तंतुवाद्यांवर रंगणाऱ्या ‘ब्लूग्रास’ या ग्रामीण संगीताची तिने १९५७ मध्ये काढलेली तबकडी त्या प्रकारातील आरंभीच्या दीर्घ तबकड्यांत गणली जाते. विक्री कितीही अल्प असो, तबकडी सूचीतून काढायची नाही, हा ॲश यांचा दंडक होता. गाणी व गायक यांची माहिती देणारी पुस्तिका सोबत देण्याचा त्यांचा प्रघात होता. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा सूचीत दोन हजारांहून अधिक शीर्षके होती.

महाराष्ट्रात या वृत्तीचे काम कंपनीने नव्हे, संशोधकांनी केले. पुण्याच्या ‘सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ या संस्थेच्या हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांच्या संगणकीय कोशाची रचना केली. सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रणही झाले.

बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगर या दलित वस्तीतील ध्वनिमुद्रण १९९६ चे आहे. राधाबाई बोऱ्हाडे, वाल्हाबाई टाकणखार प्रभृती स्त्रियांच्या या ओव्यांत देवादिकांचे परंपरागत स्थान बुद्ध, बाबासाहेब आणि रमाबाई यांनी घेतले आहे. जात्याचा ठेका जुनाच. त्यावर बसविलेला आशय मात्र १९५६ नंतरचा आहे. एखाद्या कंपनीच्या निवडकर्त्याने ‘अस्सल लोकगीत’ शोधताना कदाचित याच ओव्या वगळल्या असत्या.

या कोशात ओवीबरोबर गाणारीचे नाव व गाव नोंदविले जाते. ‘पारंपरिक’ एवढ्याच शब्दावर भागविणाऱ्या कॅसेटवेष्टनांच्या तुलनेत हा फरक मोठा आहे. २०१७ पासून ‘पारी’ने हे साहित्य प्रकाशित करतानाही ती पद्धत राखली. नावाला कायदेशीर अर्थही आहे. परंपरेने आलेल्या ओवीचा कर्ता अज्ञात असल्याने शब्दांवर व्यक्तिगत स्वामित्व सांगणे कठीण. परंतु १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचा स्वतंत्र अधिकार समाविष्ट झाला. त्याची मुदत प्रथम २५ वर्षे होती, १९९९ मध्ये ती ५० वर्षे झाली. २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापर झाल्यास स्वामित्वधनातील वाटाही मान्य केला. मुदतीची गणना सादरीकरणाच्या पुढील वर्षारंभापासून होत असल्याने, १९९६ मध्ये गायिलेल्या ओव्यांवर भीमनगरच्या गायिकांचा व त्यांच्या वारसांचा हा अधिकार २०४६ अखेरपर्यंत राहतो.