पिकअप वाहनातील इंजिनाचे अतितापन

इंजिनात निर्माण होणारी उष्णता शीतक प्रणालीला वेळेत बाहेर टाकता आली नाही, की शीतकाचे (कूलंटचे) तापमान नेहमीची मर्यादा ओलांडते. यास इंजिनाचे अतितापन म्हणतात. बोलीभाषेत 'गाडी गरम होणे' किंवा 'गाडी उकळणे' असे शब्दप्रयोग रूढ आहेत. मालवाहू पिकअप वाहनांत हा दोष पुष्कळदा केवळ वाहतूक कोंडीत दिसतो आणि रस्ता मोकळा होऊन वेग वाढला की तापमानदर्शक काटा आपोआप खाली येतो. त्यामुळे चालक तो मनावर घेत नाहीत. परिणामी अॅल्युमिनियमचे सिलिंडर हेड वाकते, हेड गॅस्केट निकामी होते आणि एखाद्या स्वस्त रिलेच्या दोषापायी संपूर्ण इंजिन उघडण्याची वेळ येते.

शीतक प्रणालीचे कार्य

इंधनातील ऊर्जेचा साधारणतः एकतृतीयांश भाग उष्णतेच्या रूपाने शीतकात उतरतो. पाण्याचा पंप (गॅरेजच्या बोलीत 'वॉटर बॉडी') हे शीतक इंजिनातून रेडिएटरकडे फिरवतो. मार्गातील थर्मोस्टॅटमध्ये मेणाची गोळी असते. बहुतेक इंजिनांत ती ८२ ते ९० अंश सेल्सिअसच्या सुमारास वितळून झडप उघडते. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी यांचे समप्रमाणातील मिश्रण साध्या वातावरणीय दाबाला सुमारे १०७ अंशांना उकळते. रेडिएटरचे झाकण प्रणालीत दाब टिकवून धरत असल्यामुळे हा उत्कलनबिंदू १२० अंशांच्या वर जातो. झाकणाची स्प्रिंग किंवा रबरी वायसर सैल पडल्यास शीतक लवकर उकळते, म्हणून झाकण हा किरकोळ भाग समजणे चुकीचे ठरते.

वाहन वेगात असताना समोरून येणारा वारा रेडिएटर थंड ठेवतो आणि पंख्याची फारशी गरज भासत नाही. कोंडीत हा वारा थांबतो व सर्व भार पंख्यावर येतो.

निदान

केवळ कोंडीत तापणारे आणि वेगात थंड होणारे इंजिन बहुधा हवेच्या प्रवाहातील दोष दर्शवते. याउलट महामार्गावर, वेगात वा भार ओढताना तापणाऱ्या इंजिनात शीतकाचा प्रवाह अपुरा असण्याची शक्यता अधिक असते: रेडिएटरच्या नळ्या आतून क्षाराने भरलेल्या, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा किंवा पंपाची पाती झिजलेली. दोन्ही स्थितींत तापत असल्यास प्रथम शीतकाची पातळी पाहिली जाते. कसारा किंवा खंडाळ्याच्या घाटातील कोंडीत मात्र ही विभागणी फसवी ठरते, कारण तेथे पहिल्या गिअरमधील मोठा भार आणि वाऱ्याचा अभाव एकत्र येतात. निदानासाठी सपाट रस्त्यावरील वर्तन विचारात घेणे श्रेयस्कर. डिझेल इंजिन उभ्या स्थितीत मुळातच कमी उष्णता निर्माण करते; ते रिकामे उभे असतानाही तापत असेल, तर दोष गंभीर समजावा.

पंखा पट्ट्यावर चालणारा असल्यास त्याच्या मध्यभागी सहसा सिलिकॉन तेलाचा क्लच असतो. रेडिएटरमागील हवा तापली की पुढील द्विधातू पट्टी झडप उघडते आणि पंखा जोमाने फिरू लागतो. गरम इंजिन बंद केल्यावर पंखा हाताने फिरवून पाहतात. त्यात अवरोध जाणवला पाहिजे. तो अनेक फेरे मोकळा फिरत राहिला किंवा क्लचवर तेलाचा चिकट थर दिसला, तर क्लच बदलावा लागतो. विजेचा पंखा असल्यास वातानुकूलन सुरू करून तो फिरतो का हे पाहतात. न फिरल्यास मोटारीला बॅटरीतून थेट प्रवाह दिला जातो. पंखा तेव्हा फिरला, तर दोष फ्यूज, रिले, तापमान संवेदक किंवा तारांमध्ये असतो. असा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. त्यामुळे हात घालण्यापूर्वी बॅटरीची तार काढणे आवश्यक असते.

रेडिएटरची जाळी बाहेरून स्वच्छ दिसली तरी वातानुकूलनाचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधील फटीत धूळ, चिखल व किडे साचलेले असतात. पंख्याभोवतीचे प्लॅस्टिकचे आवरण तुटल्यास तीच गरम हवा पुन्हा पुन्हा फिरते. दुरुस्तीत हे आवरण काढून ठेवून परत न बसवण्याचा प्रकार सर्रास घडतो. जाळीपुढे बसवलेले मोठे भोंगे, दिवे आणि नावाच्या पाट्याही वारा अडवतात.

शीतक वारंवार कमी होत असूनही गळती दिसत नसल्यास हातपंपाने प्रणालीत झाकणावर लिहिलेल्या मूल्याइतका दाब भरून तो टिकतो का हे तपासतात. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे, गोडसर वासाचा पांढरा धूर किंवा इंजिन तेल दुधाळ होणे ही हेड गॅस्केट गेल्याची चिन्हे आहेत.

मार्गातील तातडीचे उपाय

वातानुकूलन बंद करून केबिनमधील हीटर पूर्ण वेगाने सुरू केल्यास त्याचा गाभा लहान रेडिएटरसारखे काम करतो. वाफ दिसू लागल्यास मात्र वाहन कडेला घेऊन इंजिन बंद करावे लागते. काटा अचानक खाली आला तर ते सुचिन्ह मानू नये. शीतक संवेदकाच्या खाली गेले की उघडा पडलेला संवेदक चुकीचे, कमी तापमान दाखवू शकतो. गरम झाकण उघडल्यास दाबाखालील शीतक उसळून गंभीर भाजते. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास धातूला तडा जाण्याचा धोका असतो.

दुरुस्ती

जाळी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुतात. जोरदार फवाऱ्याने पातळ पत्रे वाकतात. विंधन विहिरीच्या जड पाण्यामुळे नळ्यांत क्षार बसतात, म्हणून शीतकात निर्क्षारित पाणीच मिसळतात. उष्ण प्रदेशात थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत दिसते, पण ती घातक आहे: इंजिन दीर्घकाळ थंड राहून झीज व इंधनखर्च वाढतो आणि मूळ दोष तसाच राहतो. हेड वाकलेले असल्यास त्याचा पृष्ठभाग यंत्रावर सपाट करून नवे गॅस्केट बसवले जाते.

नवे शीतक भरताना वाहनाचा पुढचा भाग थोडा उंचावर ठेवून, थंड इंजिन झाकणाविना सुरू करतात आणि थर्मोस्टॅट उघडून हवा निघून जाईपर्यंत चालू ठेवतात. अडकलेली हवा नव्याने अतितापन घडवू शकते. त्यामुळे इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी सकाळी, पातळी पुन्हा पाहून कमी असलेले शीतक भरले जाते.