पोट पायांत असलेला प्राणी

'समुद्री कोळी' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर होडी आणि जाळेच उभे राहते. प्रस्तुत लेखातला कोळी तो नव्हे. आणि काटेकोरपणे पाहता घराच्या कोपऱ्यात जाळे विणणाराही नव्हे. शास्त्रज्ञ याला पिक्नोगोनिड म्हणतात. याच्या सुमारे १३०० जाती ज्ञात आहेत. काही मिलिमीटरभर, तर खोल आणि थंड समुद्रातील काहींच्या पायांचा पसारा अर्ध्या मीटरहूनही अधिक!

या प्राण्याला धड म्हणावे असे फारसे काही नाहीच. पाय जिथे एकत्र येतात तो सांधा, एवढेच त्याचे शरीर. मग आतडी राहतात कुठे? पायांत! आतड्याची एकेक शाखा प्रत्येक पायात दूरवर गेलेली असते. मादीची अंडीही मांडीतच पक्व होतात (आणि पुढे ती बहुधा नर सांभाळतो, ही गोष्ट आमच्या मैत्रिणींना विशेष आवडली). कल्ले नाहीत; प्राणवायू कातडीतूनच आत येतो. हृदय आहे, पण दुबळे. २०१७ साली असे दिसून आले, की आतड्याच्या आकुंचन-प्रसरणाच्या लाटाच पायांतील रक्त हलवितात. म्हणजे अन्न पचविता पचविता आतडे हृदयाचेही काम करते!

हे अंतरंग पूर्वी पाहायचे कसे? आन्टोन डोर्न यांनी १८८१ साली नेपल्सच्या आखातातील या प्राण्यांवर मोठा ग्रंथ लिहिला, तो काळ सुरीचा होता. प्राणी मेणात बसवायचा, त्याचे पातळ काप काढायचे आणि ते काप मनातल्या मनात पुन्हा जुळवायचे. ज्या जातीचे दोनच नमुने संग्रहालयात आहेत, तिच्यावर सुरी चालवायला कोण धजेल? साहजिकच अनेक कुलांचे अंतरंग अज्ञात राहिले.

इस्पितळातील सीटी स्कॅनच्या धाकट्या भावाने, मायक्रो-सीटीने, ही कोंडी फोडली. प्राणी आयोडीनसारख्या द्रव्यात मुरवितात, म्हणजे मऊ भागही क्ष-किरणांत उठून दिसतात. मग तो हळूहळू फिरवीत शेकडो छायाचित्रे घेतात आणि संगणक त्यांतून त्रिमित आकृती उभी करतो. फ्रँकोव्स्की, मियाझाकी आणि ब्रेनाइस यांनी २०२२ साली याच रीतीने निरनिराळ्या कुलांतील मज्जासंस्था व आतडी यांचा नकाशासंग्रहच प्रसिद्ध केला. नमुना बाटलीत परत, जसाच्या तसा.

दर वेळी मात्र हे साधत नाही. इंग्लंडमधील हेरफर्डशर येथे सुमारे ४२.५ कोटी वर्षांपूर्वीचा समुद्री कोळी दगडात सापडला. तो थराथराने घासून, प्रत्येक थराचे छायाचित्र घेऊन संगणकावर उभा केला गेला. २००४ साली तो जगापुढे आला. आता तो आहे तो फक्त संगणकात. दगडातला कोळी घासण्यातच संपला.