चार फुटांची भिंत पडली कशी?

१९९३ च्या ऑक्टोबरात मी किल्लारी परिसरात घरांची पाहणी करायला गेलो होतो. एका वयस्कर शेतकऱ्यानं ढिगाऱ्याकडे हात करून विचारलं, "साहेब, चार फुटांची भिंत होती. ती पडली कशी?" तेव्हा मला धड सांगता आलं नाही. आज प्रयत्न करतो.

३० सप्टेंबरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं उशिरा निजली होती. भूकंप ६.२ तीव्रतेचा, जगाच्या हिशेबात मध्यमच. पण खडक तुटला तो फार खोल नव्हे, वस्तीच्या जवळजवळ पायाशीच. सरकारी आकड्यानुसारही साडेसात हजारांहून अधिक माणसं गेली.

खडक तुटला की आधी एक वेगवान लाट येते, दाबत-ढकलत. तिच्या मागून दुसरी येते, ती जमिनीला आडवे हिसके देते. घराचा घात बहुधा हीच करते. आपण घर बांधतो ते वजन खाली उतरवण्यासाठी. आडव्या हिसक्याचा विचार कोण करतो?

एसटीत उभे असताना गाडी एकदम सुटली, की पाय पुढे जातात आणि धड मागं राहतं. त्यात डोक्यावर धान्याचं पोतं असेल तर? मराठवाड्यातल्या माळवदाच्या घराच्या डोक्यावर असंच पोतं होतं. उन्हाळा सुसह्य व्हावा म्हणून घातलेली फूट-दोन फूट माती! जितकं वजन जास्त, तितका हिसक्याचा जोर जास्त.

आता ती भिंत. दिसायला एक, पण खरं म्हणजे दोन. बाहेरून दगडांचा एक थर, आतून दुसरा, मध्ये गोटे आणि पांढरीची माती. दोन्ही थरांना धरून ठेवणारे आरपार लांब दगड क्वचितच घातलेले. हादरे बसले की मधली भर खाली दबते, थर फुगतात आणि सुटतात. एक बाहेर पडतो, एक आत. आत माणसं निजलेली. जाडीनं ताकद वाढतच नव्हती, वाढत होतं ते वजन. त्याच गावांतल्या कुडाच्या, गवती छपरांच्या हलक्या झोपड्यांनी मात्र माणसं फारशी मारली नाहीत.

सिमेंट आलं म्हणजे सुटलो, असंही नाही बरं का. २००१ मध्ये कच्छच्या भूकंपात दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या कितीतरींचा तळमजला मोटारी ठेवायला मोकळा सोडलेला होता, नुसत्या खांबांवर.

जुनी दगडी घरं सावरण्याचा उपाय तसा साधा आहे. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात सळई घालून काँक्रीट भरायचं, दारं-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना सलग पट्टा बांधायचा आणि माळवदाची माती कमी करायची. पुढं ही कामं पाहायला मी पुन्हा त्या भागात गेलो. घर सावरलेलं होतं, पण घरातली माणसं अजून अंगणात पत्र्याखाली निजत होती.