‘म्हाका मिल्क जाय’

इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात गोवेकरांची मोठी वस्ती आहे. तिथलं दोन वर्षांचं मूल ‘म्हाका मिल्क जाय’ (मला दूध हवं) म्हणालं की आईबाप धास्तावतात: पोर गोंधळलं! पण वाक्य नीट ऐका. सांगाडा पूर्ण कोंकणी आहे, शब्द तेवढा एक इंग्रजी. हा गोंधळ नव्हे, हाताशी आलेला शब्द वापरण्याची हुशारी आहे.

दोन भाषांमुळे बोलणं लांबतं, हाही गैरसमजच. एकेका भाषेतले शब्द कमी भरतील, पण दोन्हींची बेरीज करा.

कानाची गोष्ट तर विलक्षण. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी 1984 साली दाखवलं, की इंग्रजी घरातलं सहा-आठ महिन्यांचं बाळ हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ओळखतं. वर्षाचं होईतो ही जाण बरीच ओसरते. कोंकणीतही हा फरक आहे. तो कानावर पडत राहिला तरच टिकतो, आणि टीव्हीपेक्षा समोरच्या माणसाकडून बाळ कितीतरी जास्त शिकतं.

इंग्रजी शाळा शिकवेलच. घरात, आजीच्या व्हिडिओ कॉलवर, जेवताना, भांडतानाही कोंकणीच बोला.